पोरीचं बी.एड. आणि कर्जाचा हप्ता : आधी हिशेब, मग सही



रोवणीचे दिवस जवळ आले की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामांसाठी पैशाची जुळवाजुळव सुरू होते. एक बियाणं-खताची आणि दुसरी पोरापोरींच्या अॅडमिशनची. तुमसर असो की लाखांदूर, साकोली असो की पवनी, जून महिन्यात गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "पोरगी बी.ए. झाली. बी.एड. करतो म्हणते. दोन लाख लागतील म्हणतात. कर्ज काढावं का?"

या प्रश्नाला आम्ही एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' म्हणणार नाही, कारण प्रत्येक घराचं उत्तर वेगळं आहे. पण उत्तर कसं काढायचं, ते आज आपण मिळून शिकणार आहोत. धानाचा हिशेब आपल्याला येतो. एकरी खर्च किती, हाती किती येईल आणि चुकारा कधी मिळेल, हे आपण बोटांवर मोजतो. शिक्षणाच्या कर्जालाही हेच तीन प्रश्न लावायचे आहेत. वही-पेन जवळ घ्या.

कोणत्या वर्गाला कोणतं शिक्षण?

हिशेबाआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पैसे चुकीच्या कोर्सवर गेले तर पुढचा हिशेबच खोटा ठरतो.

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं. आपण त्याला अजून डी.एड.च म्हणतो. नुसत्या बी.एड.वर या वर्गांना शिकवता येत नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालतं. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. लागतं. अकरावी-बारावीसाठी एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. आणि बी.एड. लागतं.

पहिली ते आठवीपर्यंतच्या शिक्षकाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावी लागते. पेपर एक पाचवीपर्यंतचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. दीडशे मार्कांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के मिळवावे लागतात. एकदा पास झालं की ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही आपल्याकडे चालते.

म्हणजे "गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या लेकरांना शिकवीन" असं पोरीच्या मनात असेल, तर तिला बी.एड.साठी कर्ज काढून देण्यात अर्थ नाही. तिची वाट डी.एल.एड.ची आहे. बारावीनंतर लगेच ठरवलं तर वर्षंही वाचतात आणि पैसेही.

हाती किती येईल?

शिक्षिकेचा पगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावातल्या बाई येतात. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या, गाडीवर येणाऱ्या, भंडाऱ्याला घर बांधलेल्या. पण तो पगार आपल्या पोरीच्या हाती पहिल्या वर्षी येत नाही. नोकरीची तीन दारं आहेत आणि तिन्हींचा पगार वेगळा आहे.

पहिलं दार जिल्हा परिषद, नगर परिषद आणि पूर्ण अनुदानित शाळांचं. इथे नेमणूक झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावं लागतं. हे मानधन कित्येक वर्षं प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० रुपयेच होतं. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिक व उच्च प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झालं. तीन वर्षं पूर्ण झाली की नियमित वेतनश्रेणी लागते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे डी.एड. शिक्षिकेचा मूळ पगार २९,२०० रुपयांपासून आणि हायस्कूलच्या बी.एड. शिक्षिकेचा ३८,६०० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता वगैरे त्याच्या वर.

दुसरं दार अंशतः अनुदानित शाळांचं. इथे शासनाचा वाटा वीस, चाळीस, साठ टक्के असा टप्प्याटप्प्याने वाढतो. पूर्ण पगाराला किती वर्षं लागतील, ते शासनाच्या पुढच्या टप्प्यावर अवलंबून असतं.

तिसरं दार विनाअनुदानित खासगी शाळा, कॉन्व्हेंट, शिकवणी वर्ग आणि तासिका तत्त्वावरच्या कामाचं. इथे सरकारी वेतनश्रेणी हाती पडेलच असं नाही. संस्था देईल तो पगार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तोही बंद, असं अनेक ठिकाणी चालतं. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी अशा शाळेत नव्या बी.एड. शिक्षिकेला किती देतात, ते तुम्हीच चौकशी करून वहीत लिहा. आकडा आपल्या गावाजवळचा हवा, नागपूर-पुण्याचा नको.

पगार कधी हाती येईल?

पहिल्या दारातून आत जायला टीईटीशिवाय आणखी एक परीक्षा आहे, टेट. नावं सारखी वाटतात, पण परीक्षा वेगळ्या. टीईटीने पात्रता मिळते, तर दोनशे मार्कांच्या टेटमध्ये मिळालेल्या मार्कांवर नोकरीची यादी लागते. ही भरती पवित्र पोर्टलवरून होते.

आता तारखा बघा. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. तिच्यावरून शिफारशींची पहिली यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. पुढची टेट थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली आणि तिची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्यानंतरची टेट मे-जून २०२५ मध्ये झाली. म्हणजे २०१८ साली जी पोरगी बी.एड. पास झाली, तिला परीक्षेला बसायलाच जवळपास पाच वर्षं थांबावं लागलं. तोवर बँक थांबत नाही. बँक किती थांबते ते पुढे सांगतो.

संख्याही बघा. २०२३ च्या टेटला राज्यभरातून सुमारे २ लाख १६ हजार उमेदवार बसले आणि जागांची जाहिरात निघाली २१,६७८ ची. म्हणजे दहा जणांमागे एक जागा. पण सगळ्या प्रवर्गांत आणि विषयांत स्थिती सारखी नसते. त्याच भरतीत काही जागा योग्य उमेदवार न मिळाल्याने रिकाम्या राहिल्या. म्हणून पोरीचा विषय कोणता, हा पैशाचाच प्रश्न आहे. सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाला एक हिशेब, तर इतिहास-मराठीला दुसरा. पवित्र पोर्टलच्या मागच्या जाहिरातीत आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि शेजारच्या गोंदिया, गडचिरोलीच्या जागा विषयवार पाहता येतात. पोरीला मोबाइलवर त्या काढायला लावा. बी.ए. कोणत्या विषयात करायचं, हे ठरवण्याआधीच हे पाहिलेलं बरं.

आपल्यापैकी ज्यांची पन्नाशी जवळ आली, त्यांना डी.एड.ची लाट आठवत असेल. २००० नंतरच्या दहा वर्षांत राज्यात खासगी डी.एड. विद्यालयं भराभर निघाली. सुनेचं डी.एड. झालेलं म्हणजे नोकरी नक्की, असं सोयरिकीत सांगत. मग भरती थांबली, पोरी घरी बसल्या आणि कितीतरी विद्यालयं ओस पडली. पोरी हुशार नव्हत्या म्हणून तसं झालं नाही. पटसंख्या घटते तसतशी पदं घटतात आणि भरती शासन काढेल तेव्हाच निघते. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत. कर्ज किती काढायचं, ते मात्र आपल्याच हातात आहे.

खर्च : निर्णय जूनमध्ये नाही, थंडीत होतो

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. बी.एड.ला प्रवेश मिळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सीईटी देऊन शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, ज्याला कॅप राउंड म्हणतात. दुसरा, व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर. पदवी दोन्हींची एकच. पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, २०२४-२५ पासून इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ते निम्मं माफ होतं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरच्या प्रवेशाला ही माफी नाही. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्यांच्या-त्यांच्या योजना आधीपासून आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो पुन्हा भरावा लागतो. तो भरायचा राहिला की दुसऱ्या वर्षाची फी अंगावर येते.

अडचण होते कुठे? सीईटीचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. त्या वेळी पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असते आणि घरात बी.एड.चा विषयही निघालेला नसतो. जूनमध्ये निकाल लागला की आपण जागे होतो. तोवर सीईटी होऊन गेलेली असते. मग कोणीतरी सांगतं, "सीट आहे, पण एवढे लागतील." हे "एवढे" म्हणजेच आपलं कर्ज. म्हणून आमचं सांगणं असं की दिवाळी झाली की बी.एड.चं बोलायला घ्या. सीईटीची फी आणि जाण्या-येण्याचा खर्च, हीच या सगळ्या प्रवासातली सगळ्यात फायद्याची गुंतवणूक.

डी.एल.एड.ला सीईटी नाही. तिथे बारावीच्या मार्कांवर ऑनलाइन प्रवेश होतो. त्याची चौकशी भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये करता येते.

कॉलेज ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का? विद्यापीठाशी जोडलेलं आहे का? आपल्या जिल्ह्यासाठी ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. शुल्क नियामक प्राधिकरणाने या कॉलेजला किती फी ठरवून दिली आहे? आणि फीमाफीच्या योजनेत हे कॉलेज येतं का? ठरलेल्या फीवर देणगी मागणं १९८७ च्या कायद्याने बंद आहे. पावती नसलेल्या पैशाला बँकही कर्ज देत नाही. "कॉलेजात यायची गरज नाही, परीक्षेपुरतं या" असं सांगणारा एजंट भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. असं मिळवलेलं प्रमाणपत्र कागदपत्रांच्या तपासणीत टिकलं नाही, तर पैसाही गेला आणि वर्षंही गेली.

फी माफ झाली तरी बाकी खर्च राहतोच. खोलीभाडं, डबा, एसटी, पुस्तकं, पाठाचं साहित्य, आणि फीमाफीत न बसणारी इतर शुल्कं. तो महिन्यावारी मांडा आणि चोवीसने गुणा. एसटीचं तिकीट बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं झालं आहे. घरून जाणं-येणं जमत असेल तर खोलीपेक्षा ते स्वस्त पडतं.

कर्ज कोणाचं? बँकेचं, गटाचं की फायनान्सचं?

समजा, सगळा हिशेब करून दोन लाख कमी पडतात.

बँकेच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. कोर्स चालू असताना आणि तो संपल्यावर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. पण हप्ता नसतो म्हणजे व्याज नसतं, असं समजू नका. व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

दहा टक्के व्याज धरून मांडू. पहिल्या वर्षी एक लाख उचलले, दुसऱ्या वर्षी एक लाख. हप्ते सुरू होईपर्यंत पहिल्या लाखावर तीन वर्षांचं ३०,००० आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचं २०,००० व्याज चढतं. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज दोन लाख नसतं, अडीच लाख असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ४,१५० रुपये. एकूण भरणा जवळपास ३ लाख ४९ हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ३,३०० वर येतो, पण भरणा ३ लाख ९६ हजारांवर जातो. शिकताना व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं तर हे पन्नास हजार चढतच नाहीत आणि काही बँका त्यासाठी व्याजदरात आणखी सूट देतात.

आता गटाचं कर्ज. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाचे चोवीस. दोन लाखांवर नुसतं व्याजच महिन्याला ४,००० रुपये. मुद्दल तसंच. फायनान्स कंपनीचं कर्जही बहुतेक वेळा याच दराच्या आसपास पडतं आणि त्याचा हप्ता लगेच सुरू होतो, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा. पोरगी पहिल्या वर्षाला वर्गात बसलेली असते आणि हप्ता आई रोजीतून भरते. म्हणून लाख-दोन लाखांच्या शिक्षणाला फायनान्सचं कर्ज घेऊ नका. गटाचं कर्ज थोड्या रकमेला, परीक्षा फीला, पुस्तकांना, पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्याला चांगलं.

मोजायचं कशावर?

आता आजची मुख्य गोष्ट. आपण कर्ज काढताना डोळ्यांपुढे ३८,६०० चा पगार ठेवतो. त्याच्यापुढे ४,१५० चा हप्ता काहीच वाटत नाही. पण हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर वर्षभरात. त्या वेळी सरकारी नोकरी लागलेली असेलच असं नाही. हप्ता भरावा लागतो त्या वेळच्या पगारातून, आणि तो बहुतेकींचा तिसऱ्या दाराचा असतो.

समजा, खासगी शाळेत ८,००० मिळतात. हप्ता ४,१५०, येण्या-जाण्याला १,०००. उरले २,८५०. आणि उन्हाळ्यात पगार बंद झाला तर हप्ता आईच्या तेंदूपत्त्याच्या पैशातून. त्याच पोरीला शिक्षण सेवक म्हणून १६,००० ची नेमणूक मिळाली असती, तर हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्शाएवढा झाला असता आणि सहज निभावला असता. पोरगी तीच, कर्ज तेच. फरक फक्त दाराचा, आणि दार कोणतं उघडेल ते आधी कळत नाही.

म्हणून आमचा साधा नियम असा : कर्ज खासगी शाळेच्या पगारावर मोजा. हप्ता त्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसला पाहिजे. पगार ८,००० तर हप्ता २,००० च्या आत. वरच्याच व्याजाने आणि सात वर्षांच्या मुदतीने उलटा हिशेब केला तर उचलायचं कर्ज लाखाच्या आत बसतं. सरकारी नोकरी लागली तर आनंदच आहे, कर्ज लवकर फिटेल. नाही लागली तरी घर बुडणार नाही.

हा नियम लावला की दोन घरांचं उत्तर वेगळं येतं. एका घरची पोरगी सीईटी देऊन केंद्रीय फेरीतून आली. फी माफ. बाकीच्या खर्चाला ६०,००० लागले. निम्मे घरातले, निम्मे गटातून शेकडा एकने. चोवीस महिन्यांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १,४०० रुपये. हे घर बिनधास्त पुढे जाऊ शकतं. दुसऱ्या घरची पोरगी जूनमध्ये जागी झाली आणि व्यवस्थापन कोट्यातली जागा दोन लाखांच्या कर्जावर घेते आहे. या घराला आम्ही म्हणू, एक वर्ष थांबा. त्या वर्षात पोरीने सीईटीचा अभ्यास करावा, शिकवण्या घ्याव्यात, चार पैसे बाजूला टाकावेत. वर्ष वाया जातं असं वाटेल, पण दीड-दोन लाख वाचवणारं वर्ष वाया गेलेलं नसतं.

आणि डी.एल.एड. असो की बी.एड., दुसऱ्या वर्षापासूनच टीईटीची तयारी सुरू करा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला असेल तर, टीईटी बंधनकारक केली. या परीक्षेतून आता सुटका नाही.

नोकरीसाठी पैसे मागणारे

बी.एड. झालं की दुसरं कर्ज दारात उभं राहतं. "अमक्या संस्थेत जागा निघते, इतके लाख द्या, पुढे अनुदान येईल." इथे शेती विकली जाते. तायांनो, अनुदानित खासगी शाळांतल्या जागांनाही आता टेटचे मार्क आणि पवित्र पोर्टलची यादी लागते. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन मार्क वाढवून घेतल्याचं उघड झालं आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं. शालार्थ आयडी म्हणजे पगार काढण्यासाठी लागणारा शिक्षकाचा क्रमांक. त्यात अधिकारी अटकेत गेले. ज्यांनी पैसे मोजून नेमणुका घेतल्या त्यांची नोकरीही धोक्यात आली. असा पैसा कर्ज म्हणूनही परत मिळत नाही आणि नोकरी म्हणूनही टिकत नाही.

सही कोणाची, हप्ता कोणाचा?

एक नाजूक गोष्ट उरली. कर्ज पोरीच्या नावावर आणि सहकर्जदार बाप. मधेच पोरीचं लग्न झालं तर हप्ता कोण भरणार? माहेर म्हणतं, ती आता तिकडची. सासर म्हणतं, कर्ज लग्नाआधीचं. हप्ता थकला की पोरीसोबत बापाचंही नाव बँकेत खराब होतं आणि पुढे कर्ज मागायला गेलं की तेच आडवं येतं. म्हणून सोयरीक जुळवताना कर्जाचं मोकळेपणाने सांगा. लपवलेलं कर्ज पोरीलाच ऐकून घ्यावं लागतं. पोरीच्या पगाराचं खातं तिच्या हातात राहील आणि हप्ता त्यातूनच आपोआप कटेल, एवढं ठरवून घ्या.

हे ऐकून कोणी म्हणेल, "बरं झालं, पोरीला शिकवायलाच नको." तसं आम्ही मुळीच म्हणत नाही. पोराच्या इंजिनिअरिंगला आपण वही काढतो का? त्यालाही हाच हिशेब लावा. आणि लग्नासाठी दोन लाख काढताना परतावा कोणी विचारत नाही, मग शिक्षणालाच का विचारायचा, हेही गटात बोला. शिक्षण पोरीजवळ राहतं. आपल्याला फक्त त्याच्यासोबत न झेपणारा हप्ता तिच्या गळ्यात बांधायचा नाही.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. बारावीत आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या गावातल्या पोरींची यादी करा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र आणि नॉन क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, ते पाहा. जवळच्या दोन खासगी शाळांत नव्या शिक्षिकेचा पगार विचारा आणि त्याचा चौथा हिस्सा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत एकच विषय ठेवा : सीईटीचा अर्ज कोणाकोणाचा भरायचा?

भेटू पुढच्या कार्यक्रमात. तोवर बांधीतल्या रोवणीची आणि पोरींच्या अभ्यासाची, दोन्हींची काळजी घ्या. नमस्कार!